पालकांचा हात

मुलाला बालवीर-पथकांत घातल्यावर पालकांनीं त्या पथकांत स्वतः किती शिरावें, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाहीं. गेल्या हिवाळ्यांत गांवाबाहेरील आमराईंत एका पथकाचें शिबिर होतें. आम्ही मुलाला पोंचवावयास गेलों आणि इतर पालकांप्रमाणें तेथेंच रेंगाळलों. मुलांची चूल धुमसूं लागली. आम्हांस राहवेना. आम्हीं लांकडें सारखीं केलीं, फुंकर घातली, आणि जाळ लागला. मुलगा मात्र बाजूस सरून उभा राहिला. आपलें कांहीं हिरावलें गेल्याची मुद्रा त्याच्या तोंडावर होती.

बेडन-पॉवेल यांनीं १९०७ सालीं इंग्लंडांतील ब्राउनसी बेटावर सुमारें २० मुलांचें जें पहिलें शिबिर भरविलें, त्यांत मुलांच्या चार तुकड्या करून प्रत्येकीचा नायक मुलांतलाच नेमला होता. स्काऊट-चळवळीचें मर्म या व्यवस्थेंत आहे. जबाबदारी अंगावर पडल्यावांचून ती पेलण्याचें बळ येत नाहीं. कच्चा राहिलेला भात आणि सुटलेली गांठ हे तेथील गुरु होत. वडील माणसानें गांठ मारून दिली कीं त्या गुरूचें काम खुंटलें. मग आमची ती धांव वात्सल्याची होती, कीं आपल्या मुलाची चूल इतरांच्या मागें पडूं नये या अभिमानाची? खरें सांगावयाचें तर, अभिमानाची.

तर मग पालकांनीं घरींच बसावें काय? तसें आम्हांस वाटत नाहीं. मुलें कोणाच्या हवाली करीत आहों, पाणी स्वच्छ आहे कीं नाहीं, नदीकांठीं पट्टीचा पोहणारा हजर आहे कीं नाहीं, हें पाहणें पालकांचें कर्तव्यच आहे. कारण तेथील चूक पुन्हां दुरुस्त करतां येत नाहीं. करपलेला भात उद्यां पुन्हां शिजवितां येतो. जेथें चूक भरून येते तेथें हात आवरावा; जेथें येत नाहीं तेथें तो पुढें करावा. शिवाय तो हात एकट्या आपल्या मुलासाठीं नसावा. तंबू वाहून आणणारा, हिशेब ठेवणारा, पथकनायकाचा भार हलका करणारा पालक सर्वच मुलांचा काका होतो.

त्या दिवशीं मग आम्ही चुलीपासून दूर झालों आणि सर्वांसाठीं विहिरीचें पाणी भरलें. मुलांचा भात खालीं लागला होता. तो त्यांनीं आम्हांसही मोठ्या आग्रहानें वाढला. आम्हीं तो मुकाट्यानें खाल्ला.