एका वर्षाचं शहाणपण

पुतण्याने विचारलं, ‘‘काका, एमबीए दोन वर्षांचं करू की एका वर्षाचं?’’

बँकवाला आधी व्याज काढतो, मीही काढलं. अहमदाबादच्या आयआयएमने २००६ साली अनुभवी लोकांसाठी वर्षाचा अभ्यासक्रम काढला. फ्रान्सच्या इन्सिआदमध्ये तर दहाच महिन्यांत उरकतं! वर्षाचा पगार वाचतो, हे खरं. पण दोन वर्षांवाल्याला मधल्या उन्हाळ्यात नव्या धंद्यात उमेदवारी करून बघता येते. वर्षवाल्याला चुकायलाच सवड नाही. मग वाचवलं ते नेमकं काय?

‘‘तुम्ही बी.कॉम.ला तीन वर्षं घातलीत. उरलं काय?’’

‘‘डेबिट, क्रेडिट आणि तुझी काकू.’’

‘‘ते वर्षात नसतं जमलं?’’

काकू आतून म्हणाली, ‘‘पहिलं वर्ष तर यांचं माझं नाव विचारण्यातच गेलं!’’

पुतण्याने कागद उलटा केला आणि आकडेमोड पुन्हा सुरू केली.