प्रज्ञापराध आणि दुसऱ्याचा श्वास

कोयनानगरला अडवलेले कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेला उतरते, पोफळीच्या भूमिगत वीजगृहातील जनित्रे फिरवते आणि अवजल म्हणून वाशिष्ठीला जाऊन मिळते. याच वाशिष्ठीच्या परिसरात, खेड तालुक्यातील लोटे-परशुराम येथे, रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत उभी आहे. अशा कारखान्यात विषारी रसायने हाताळणाऱ्या कामगाराला कोणता श्वसनरक्षक, म्हणजे रोजच्या बोलीतला मास्क, द्यायचा हा प्रश्न बहुधा खरेदी विभागाकडे सोपवला जातो. वस्तुतः तो धर्मविचाराचा प्रश्न आहे, कारण येथे एक मनुष्य दुसऱ्याच्या श्वासाविषयी निर्णय घेतो आणि निर्णय चुकला तर त्याचे फळ निर्णय घेणाऱ्याला भोगावे लागत नाही.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात या विचाराला उपयोगी पडणारी एक संकल्पना आहे. धी, धृती आणि स्मृती, म्हणजे यथार्थ ज्ञान, अहितापासून मनाला आवरणारे बळ आणि जाणलेल्याचे स्मरण, ही तीन ढळली असता मनुष्य जे अशुभ कर्म करतो त्याला चरक प्रज्ञापराध म्हणतो आणि रोगाच्या प्रमुख कारणांत त्याची गणना करतो. तेथे अपराध करणारा आणि व्याधी भोगणारा सामान्यतः एकच असतो. परंतु विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाची, म्हणजे संपूर्ण प्रदेश उजाड करणाऱ्या रोगराईची, मीमांसा करताना वायू, जल, देश आणि काळ बिघडण्याचे मूळ अधर्मात आणि अधर्माचे मूळ प्रज्ञापराधात दाखवले आहे, आणि या अधर्माचा आरंभ देशाच्या व नगराच्या प्रमुखांपासून होतो असेही सांगितले आहे. प्रमुखाचा अपराध आणि प्रजेचा श्वास यांचा हा संबंध कारखान्याला जसाच्या तसा लागू पडतो.

प्रथम ज्ञानाचा विचार करावा लागतो, कारण बहुतेक घात तेथेच होतो. श्वसनरक्षकाचे दोन मूलभूत प्रकार आहेत: एक भोवतालचीच हवा गाळून देतो, दुसरा नळीतून किंवा पाठीवरच्या सिलिंडरमधून स्वतंत्र हवा पुरवतो. गाळणारा मास्क प्राणवायू निर्माण करीत नाही. म्हणून हवेतील प्राणवायू नेहमीच्या सुमारे २०.९ टक्क्यांवरून १९.५ टक्क्यांखाली गेला असेल, अथवा वायूचे प्रमाण तत्काळ जिवावर बेतण्याइतके असेल, तर तो वापरणे म्हणजे निव्वळ फसवणूक होय. शिवाय वायूच्या प्रकारानुसार योग्य कार्ट्रिज, म्हणजे शोषक द्रव्य भरलेली डबी, लागते. धुळीसाठी केलेला कापडी मास्क द्रावकाची वाफ अडवीत नाही, आणि द्रावकाची वाफ शोषणारा सक्रिय कोळसा कार्बन मोनॉक्साइडला रोखू शकत नाही. कोयनेसारख्या बोगद्यांच्या कामात सुरुंग उडवल्यानंतर तोच वायू मागे राहत असल्यामुळे तेथे आधी पंख्यांनी हवा खेळवावी लागते. वायू ओळखला तरी त्याचे मोजमाप उरतेच. अमेरिकी नियमांनुसार अर्धा चेहरा झाकणारा मास्क वायूचे प्रमाण सुमारे दहा पटींनी आणि पूर्ण चेहऱ्याचा पन्नास पटींनी घटवतो असे धरतात. हवेतील विष सुरक्षित मर्यादेच्या तीसपट असेल तर पहिला अपुरा पडतो, हे मोजल्याशिवाय कळत नाही. नाकावर भरवसा ठेवता येत नाही, कारण सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड प्रमाण वाढताच घ्राणशक्ती बधिर करतो आणि वास थांबला म्हणजे धोका टळला असा भ्रम उत्पन्न करतो.

धृतीचा भार मात्र नेहमी कामगारावर टाकला जातो. घामाने निथळत, कोकणच्या उन्हाळ्यात, तासन्‌तास घट्ट मास्क चढवून राहणे हे तपच आहे, आणि तो क्षणभर खाली ओढणाऱ्याला बेफिकीर ठरवणे सोपे आहे. दाढीचे खुंट वाढले तरी रबराची कड चेहऱ्यावर नीट बसत नाही आणि त्या फटीतून वायू आत शिरतो. श्रावण पाळणारा कामगार महिनाभर दाढी करीत नाही, सुतकातही वस्तरा लागत नाही, शीख कामगार केस कापत नाही आणि अनेक मुसलमान कामगार श्रद्धेने दाढी राखतात. या सर्वांसाठी बॅटरीवर चालणाऱ्या पंख्याने गाळलेली हवा पुरवणारे, डोक्यावरून घेण्याचे सैल टोप उपलब्ध आहेत. त्यांना चेहऱ्याशी घट्ट बसण्याची गरज नसते. ते महाग पडतात म्हणून श्रद्धा आणि नोकरी यांतून एक निवडावयास लावणे हा मालकाच्या धृतीचा भ्रंश आहे, कामगाराच्या नव्हे. स्मृतीची कसोटी त्या मानाने साधी आहे: कार्ट्रिज कधी उघडले आणि कधी बदलायचे, याची लेखी नोंद.

यावर सदोष कर्माचा आधार घेऊन आक्षेप येऊ शकतो. धूर जसा अग्नीला, तसा दोष प्रत्येक आरंभाला वेढून असतो, म्हणून सहज कर्म टाकू नये, असा विचार गीतेच्या अठराव्या अध्यायात आहे. परंतु टाळता न येणारा दोष सोसण्याचा हा उपदेश कर्त्याला आहे. टाळता येणारा दोष दुसऱ्याच्या फुफ्फुसात ढकलण्याची मुभा त्यातून निघत नाही. म्हणूनच घातक रसायन वगळणे, त्याच्या जागी सौम्य द्रव्य वापरणे, प्रक्रिया बंदिस्त करणे आणि हवा खेचून घेणे हे उपाय आधी येतात व मास्क सर्वांत शेवटी येतो. हा क्रम उलटा करणारा मालक धोका जागच्या जागी ठेवून त्याची जबाबदारी तेवढी कामगाराच्या चेहऱ्यावर बांधतो.

भोपाळच्या १९८४च्या वायुकांडानंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात घातक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले आणि धोक्याची माहिती मिळवण्याचा कामगाराचा हक्क मान्य झाला. १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जीविताच्या मूलभूत अधिकाराचा भाग ठरवला. त्यापूर्वीच, १९४८च्या मूळ अधिनियमातील कलम ३६ने विषारी वायूची शक्यता असलेल्या बंदिस्त टाकीत उतरण्यासाठी अट घातली होती: एकतर सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी करून टाकी सुरक्षित असल्याचे लेखी प्रमाणपत्र द्यावे, किंवा उतरणाऱ्याने योग्य श्वसनयंत्र घालावे व त्याच्या कमरपट्ट्याला बांधलेल्या दोराचे टोक बाहेर उभ्या माणसाच्या हाती असावे. टाकीत उतरण्यास सांगितले गेलेल्या प्रत्येक कामगाराने आधी चाचणीचे आकडे मागावेत, आणि ते मिळेपर्यंत त्याच्या नकाराला कोणीही कामचुकारपणा म्हणू नये.