प्रश्नचिन्ह कोणावर?

ग्रँडमास्टर लुबोमिर कावालेक यांनी १९८६ ते २०१० या काळात ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये बुद्धिबळाचे सदर चालवले. अशा सदरात चांगल्या चालीपुढे उद्गारचिन्ह येते, चुकीपुढे प्रश्नचिन्ह, घोडचुकीपुढे दोन. पण हा निवाडा कशावर दिला जातो, कर्मावर की फळावर?

भाष्यकाराला डावाचा शेवट ठाऊक असतो. पटासमोर बसलेल्याला तो नसतो. ज्ञानाच्या या फरकामुळेच एखाद्या चिन्हात नकळत अन्याय शिरू शकतो.

एक उदाहरण पाहा. १८५१ साली लंडनमध्ये, पहिल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या दिवसांत, अँडरसन आणि कीझेरित्स्की हे दोन बुद्धिबळपटू सहज म्हणून एक डाव खेळले. तो ‘अमर डाव’ ठरला. हे नाव १८५५मध्ये बुद्धिबळपटू फाल्कबेरने दिले. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या अँडरसनने आधी एक उंट सोडला, मग दोन्ही हत्ती. त्यातला एक हत्ती खाऊन काळा वजीर पांढऱ्याच्या कोपऱ्यात, ए१ घरात, जाऊन बसला. स्वतःच्या राजापासून दूर. तेवढ्यात अँडरसनने आपला वजीरही एफ६वर ठेवून दिला. तो मारायला काळ्याचा घोडा जागचा हलला आणि ई७ घरावरचा पहारा उठला. तेविसाव्या चालीला उंटाने तिथेच मात केली. काळ्याचे बहुतेक सैन्य शाबूत होते आणि राजा मेला होता!

पुढच्या विश्लेषकांनी या डावावर बरीच प्रश्नचिन्हे मारली. अठराव्या चालीला अँडरसनकडे जास्त भक्कम पर्याय होते, आणि कीझेरित्स्कीने त्या क्षणी अचूक उत्तर दिले असते तर डाव तगलाही असता. संगणक आज हे सहज दाखवतो. मग या डावाचे सौंदर्य खोटे ठरते का?

अजिबात नाही. दोन माणसे त्यांना दिसत होते तेवढ्या उजेडात पूर्ण धाडसाने खेळली. सौंदर्य त्या धाडसाचे आहे. संगणकाचे सत्य नाकारायचे कारण नाही, मात्र ते चालीविषयीचे सत्य आहे. माणसाचा निवाडा करायला ते अपुरे पडते.

खरा थोरपणा तर हरणाऱ्याचा. कीझेरित्स्की पॅरिसमध्ये बुद्धिबळ शिकवून पोट भरत असे. त्या स्पर्धेत अँडरसननेच त्याला पहिल्या फेरीत बाहेर काढले होते. तरीही हा पराभव त्याने त्याच वर्षी आपल्या ‘ला रेजांस’ या नियतकालिकात स्वतः छापला. जय-पराजय समान मानण्याची गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. या माणसाने ती आपल्याच हरलेल्या डावावर करून दाखवली. दोनच वर्षांनी तो वारला.

हा डाव वाचायला घ्याल तेव्हा भाष्य आधी झाकून ठेवा. अठराव्या चालीपाशी थांबा, पट मांडा आणि कीझेरित्स्कीच्या बाजूने स्वतः एक चाल निवडा. प्रश्नचिन्ह त्यानंतर वाचा.