जरा सरकून घ्या

सुट्टीत मुंबई-पुण्याला जाऊन आलेल्या आपल्या मुलांची एक तक्रार हमखास असते. "तिकडे कुणी सॉरी, थँक्यू म्हणतच नाही. रांगेत सरळ मध्ये घुसतात!" यावर आपण मोठी माणसे दोनांपैकी एक उत्तर देतो. "तिकडचं हे असंच चालायचं," किंवा "आपल्यात सगळं मनापासून असतं, तोंडदेखले आभार लागत नाहीत." मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात.

दुसऱ्या उत्तरात तथ्य जरूर आहे. मराठीत 'प्लीज'चे काम क्रियापदच करते. 'पाणी दे' आणि 'जरा पाणी देता का?' यांत किती अंतर आहे! भाजीवालीला 'मावशी' म्हटले की नाते जुळते. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसतो. 'जरा सरकून घ्या' म्हटले की तीन अनोळखी माणसे सरकतात. चौथ्याला अर्धीमुर्धी का होईना, जागा मिळते. आभार कुणी मानत नाही आणि कुणी त्यांची वाटही पाहत नाही. इथे अमेरिकेत 'हॅव अ नाइस डे' दिवसातून दहा वेळा कानावर पडते, पण अशी वाटून घेतलेली जागा मी पाहिलेली नाही.

मात्र त्याच लोकलमध्ये चढताना हीच माणसे उतरणाऱ्यांना रेटून आत घुसतात. असे का व्हावे? मला वाटते, बाकावर समोरच्याचा चेहरा दिसतो. फलाटावर दिसते ती नुसती गर्दी. ओळखीच्या माणसाशी अगत्याने वागणे सोपे आहे. ज्याचे नावगाव ठाऊक नाही, जो पुन्हा कधी भेटणार नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो, तिथे खरी परीक्षा होते.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत गुरू शिष्याला आई, वडील आणि आचार्य यांच्याबरोबर अतिथीलाही देव मानायला सांगतात. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी या शब्दाची फोड परंपरेने केली जाते. शहरात असा न ठरवता भेटणारा माणूस पावलोपावली असतो. रांगेत आपल्या पुढे असतो, लिफ्टमध्ये शेजारी असतो, दुकानात गल्ल्यामागे उभा असतो. उपनिषदाची शिकवण त्यालाही लागू करायला काय हरकत आहे?

आणि आपले देऊळ? ऑफिसात मागून येणाऱ्यासाठी दार धरून ठेवणारी आपलीच मंडळी महाप्रसादाच्या रांगेत ओळखीचा चेहरा दिसला की मध्येच शिरतात. "आपलीच तर माणसं, चालतं!" म्हणतात. पण त्याच रांगेत मागे नुकताच आलेला एखादा विद्यार्थी एकटाच उभा असतो. 'आपल्या माणसांत' तो अजून आलेला नसतो.

मुलांना दोन्हीकडचे चांगले द्यावे असे आपण नेहमी म्हणतो. मग इथली रांग आणि तिथला बाक, दोन्ही देऊ या. रांगेत आपल्या जागी उभे राहू आणि जेवायला बसताना त्या एकट्या मुलाला हाक मारू : "ये रे, इथे बस. आम्ही सरकतो."