बेताचं अंतर

लाल-निळ्या चष्म्याची करामत साधी आहे. एकाच दृश्याचे दोन फोटो काढायचे, दुसरा जरा उजवीकडे सरकून. डाव्या फोटोतला फक्त लाल रंग ठेवायचा, उजव्यातला हिरवा आणि निळा, आणि दोन्ही एकमेकांवर चढवायचे. डाव्या डोळ्यापुढे लाल काच, उजव्यापुढे निळसर हिरवी. प्रत्येक डोळ्याला आपापलं चित्र दिसतं आणि त्यांच्यातल्या फरकावरून मेंदू खोली ठरवतो. विल्हेल्म रोलमान या जर्मन माणसाने ही युक्ती १८५३ साली मांडली. मराठी पडद्यावरचा तात्या विंचू २०१३मध्ये ‘झपाटलेला २’मधून अंगावर आला, तेव्हा चष्मा वेगळ्या जातीचा होता, हिशेब मात्र हाच.

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत, म्हणजे ऊर्जानगरातल्या एखाद्या क्वार्टरमध्ये, टेबलावरही हा खेळ जमतो. मातीचा वाघ, पुठ्ठ्याची झाडं, मोबाइल आणि स्टीलची पट्टी. वाघाचा पाय किंचित हलवायचा, एक फोटो. मोबाइल पट्टीच्या कडेने सरकवून दुसरा. मोबाइल जागेवर आणून पुन्हा पाय. सेकंदाला १२ चित्रं धरली तरी १० सेकंदांच्या चालीला २४० फोटो लागतात. मोबाइल किती सरकवायचा? ठोकताळा असा की सगळ्यात जवळची वस्तू जेवढी लांब, त्याच्या तिसाव्या भागाएवढा. वाघ ३० सेंटिमीटरवर असेल तर १ सेंटिमीटर. त्याहून फार कमी सरकवला तर वाघ सपाट, फार जास्त सरकवला तर एकाचे दोन वाघ आणि वर डोकेदुखी.

आता खिडकीबाहेर बघा. वीज केंद्राची चिमणी किलोमीटरभर लांब असेल, तर साडेसहा सेंटिमीटर अंतरावरच्या आपल्या दोन डोळ्यांना ती जवळपास सारखीच दिसते. फोटोत तिला खोली द्यायची तर त्याच ठोकताळ्याने ३३ मीटर सरकावं लागेल. तेवढं चालत जाईपर्यंत धूर पुढे गेलेला असतो, म्हणून दोघांनी दोन मोबाइलवर एकदमच फोटो घ्यायचे. मग चष्म्यातून चिमणी पुढे, झाडी मागे, सगळं सुटं सुटं दिसतं. पण दिसतं ते खेळण्यातलं! डोळ्यांमधलं अंतर सुमारे ५०० पट ताणल्यावर दृश्यही तितकंच आक्रसतं. आभाळात घुसलेली चिमणी टेबलावर मावेल अशी वाटते.

ऊर्जानगरविषयी बोलतानाही आपण असंच ताणतो. एका टोकाला केंद्राचे २९२० मेगावॉट, दुसऱ्या टोकाला ताडोबाचं जंगल. वीज की वाघ? दोन्ही खरे, दोन्ही इथलेच. पण टोकं जितकी लांब ओढावीत तितका वाद झकास रंगतो आणि मधली वसाहत चिमुकली होत जाते. तिथे कोण राहतं, हेच दिसेनासं होतं.

तिथे राहतो तो थर्मलमधून नाइट करून सकाळी घरी येणारा ऑपरेटर, आणि त्याच घरात राहते दोरीवरच्या कपड्यांवरची राखड झटकणारी त्याची बायको. केंद्र बंद व्हावं असं तिलाही वाटत नाही. घर त्याच पगारावर चालतं. राखड त्रासाची आहे, हे त्यालाही नाकारता येत नाही. त्याचीही आई खोकते. शेजारच्या दुर्गापूरच्या बाजूला बिबट्या दिसल्याचा मेसेज आला की दोघंही आधी मुलं घरात आहेत का ते बघतात. तरी दोघांचं सगळं जुळतं असं नाही. बदली मागावी की नाही, इथे अडतं.

दुरून हा मतभेद क्षुल्लक वाटेल. पण वीज, राख, जंगल आणि पोटापाण्याचा हा गुंता किती खोल आहे, ते टोकाच्या दोन भाषणांपेक्षा या दोघांच्या न जुळणाऱ्या बोलण्यातून जास्त कळतं. एखादी जागा समजून घ्यायची तर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांना विचारावं, आणि त्यांचं जिथे थोडंसं बिनसतं, तिथे जास्त लक्ष देऊन ऐकावं.