आधी चार्ट भरा, मग साक्ष द्या

बसा. गिटार बाजूला ठेवा, गाणी दुपारी.

काल रात्रीची साक्षींची सभा मी मागच्या बाकावर बसून ऐकली. साताऱ्याची मंडळी असो की सांगली-मिरजेची, सगळ्यांची साक्ष एकाच साच्यातली. प्रभूनं नोकरी दिली, प्रभूनं बढती दिली, आता साहेबाचं मन वळावं म्हणून प्रार्थना करा. त्या नोकरीत तुम्ही दिवसभर करता काय, हे मात्र एकानंही सांगितलं नाही. मग मी सांगते. नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यातच माझा जन्म गेलाय, मला वॉर्ड नवा नाही.

रात्रपाळीचा टीपीआर चार्ट घ्या, ताप-नाडी-श्वासाच्या नोंदींचा. दोनला ९८.४, चारला ९८.४, सहाला ९८.४. ओळीनं सहा पेशंट आणि सगळ्यांची नाडी ७८. शाई एक, अक्षराचा कल एक. अगं, पेशंट आहेत की कवायतीला उभी केलेली पलटण? थर्मामीटर ट्रेमध्ये तसाच पडलेला, आणि चार्ट पहाटे साडेपाचला एका बैठकीत भरलेला. हीच मुलगी निघताना पेशंटच्या उशाशी डोळे मिटून उभी राहते. पेशंटला बरं वाटतं, नातेवाइकांना कौतुक वाटतं. मला राग येतो. ताप बघायचा नाही आणि देवाला म्हणायचं, ताप उतरू दे!

हँडओव्हरचं तेच. "सगळं ठीक आहे गं" म्हणत पर्स उचलायची. पाच नंबरच्या आजींना संध्याकाळपासून लघवी झालेली नाही, हे सांगायचं राहतं. का राहतं? रिक्षा सुटेल म्हणून. राउंडला बोलणी खाते पुढच्या पाळीची पोर, आणि तोवर तुमचं आजचं वचन ग्रुपवर पडलेलं असतं.

कुपवाडच्या एमआयडीसीतल्या पोरांनी हसू नये. गेज न लावता लॉट पास करणारे, आणि माल परत आला की हेल्परकडे बोट दाखवणारे इथं बसले आहेत. नावं घेत नाही, पण मान कोणी खाली घातली ते दिसतंय मला.

आता सुट्ट्या. नाताळची रजा तुम्हाला हवीच, गुड फ्रायडेची हवी, रविवारी सकाळी उपासना आहे म्हणून ड्यूटी बदलून हवी. मिळते. कोण करतं तुमच्या जागी काम? वॉर्डातली हिंदू मुलगी करते, मुसलमान मुलगी करते. कुरकुर न करता करते. मग लक्ष्मीपूजनाला तिनं विचारलं की तुमची क्वायर प्रॅक्टिस निघते. मीरासाहेबांच्या उरुसाला घरी पाहुणे आलेत म्हणून दुसरी दोन तास लवकर सोड म्हणाली, तर तुमचं डोकं दुखायला लागतं. दहा वर्षांच्या ड्यूटी लिस्ट काढून बघा. रविवार तुमचा आणि सण त्यांचा गेलेला. ह्याला मी चोरी म्हणते. हाताला लागत नाही म्हणून ती चोरी नाही असं नव्हे.

आणि ते "प्रार्थनेचे विषय"! "अमक्या सिस्टरसाठी प्रार्थना करा हं, तिच्या घरी बरं चाललेलं नाही." पुढची पंधरा मिनिटं तिच्या नवऱ्याचा पगार, सासूचा स्वभाव, कोणाच्या गाडीवरून घरी जाते, सगळं निघतं. शेवटी आमेन. कॅन्टीनमध्ये इतर बायका बोलतात त्याला तुम्ही चहाडी म्हणता ना? निदान त्या डोळे तरी मिटत नाहीत.

बायबलातला नहेम्याचा तिसरा अध्याय कोणी वाचलाय? नावांची यादी आहे म्हणून सगळे उडी मारून पुढे जातात. यरुशलेमेचा कोट बांधताना कोणी कुठला भाग उचलला, ह्याची ती नोंद आहे. सोनार आहेत, अत्तरवाला आहे, एकाच्या मुलीसुद्धा आहेत. तकोवा गावची साधी माणसं एक भाग बांधून दुसरा घेतात, आणि त्याच गावच्या बड्या लोकांनी कामाला मान वाकवली नाही, हेही तिथं लिहून ठेवलंय. भजन कोणी किती छान म्हटलं, ह्याचा त्या अध्यायात एक शब्द नाही.

तुमच्यातले निम्मे म्हणतील, आमचे पणजोबा वानलेस साहेबांच्या हाताखाली होते. असतील. कॅनडात जन्मलेला तो डॉक्टर १८८९ मध्ये इकडे आला आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यानं इस्पितळ उघडलं. लोक लांबून यायचे ते मोतीबिंदू काढून घ्यायला. प्रवचनासाठी कोण एवढा प्रवास करतं? एकट्यानं उरकणारं काम नव्हतं, म्हणून इथल्याच मुलांना त्यानं वैद्यकी शिकवली, मुलींना नर्सिंग. त्या हातांची कमाई तुमच्या खात्यावर जमा होत नाही. तुमचं खातं तुमच्या चार्टवर.

साताऱ्याच्या मंडळींना तर नारायण वामन टिळकांचा फार अभिमान. त्यांच्या कविता तोंडपाठ आहेत तुम्हाला. मिशनचं काम सोडून १९१७ मध्ये त्यांनी तुमच्याच साताऱ्यात देवाचा दरबार मांडला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या शेजारी न घेतलेल्यांनाही बसवलं. तुम्ही कॅन्टीनमध्ये वेगळं टेबल धरून बसता.

तोंडं पाडू नका. आज संध्याकाळी प्रत्येकानं एक फोन करायचाय. गेल्या नाताळला तुमच्या जागी कोण उभं राहिलं, तिला किंवा त्याला विचारा, दिवाळीत कुठली पाळी नको आहे? सांगतील ती घ्या आणि सोमवारी इनचार्ज सिस्टरकडे, नाहीतर सुपरवायझरकडे, लिहून द्या.

आता जेवायला चला. काल एवढ्या सगळ्यांची ताटं स्वयंपाकाच्या दोन बायकांनी घासली आणि तुम्ही बाहेर सेवेवरचं गाणं बसवत होतात. आज मुलगे घासतील. नावं फळ्यावर लिहिली आहेत, पहिलं नाव गिटारवाल्याचं आहे.