झाकली मूठ

लातूरहून नांदेडकडे एसटीने निघालं की चाकूर, अहमदपूर, लोहा अशी गावं एकेक करून मागे पडतात आणि भिंतींवरच्या जाहिराती वाचायला भरपूर वेळ मिळतो. बियाणं, सिमेंट, नीटचे क्लास, आणि मध्येच कुठेतरी ‘न सांगता दारू सोडवा’. पिणाऱ्याला पत्ता लागू न देता चहातून नाहीतर भाजीतून द्यायची पावडर. खाली मोबाइल नंबर. त्या ओळीतले पहिले दोन शब्द मला वर्षानुवर्षं टोचत आलेत. घरातलं तरुण लेकरू व्यसनात सापडल्याचं कळल्या दिवसापासून आपली बहुतेक घरं जे काही करतात, ते सगळं याच दोन शब्दांखाली येतं.

पावडरीत काय असतं ते पुडीवर धड लिहिलेलं नसतं. पण डॉक्टर दारू सोडवायला जे औषध देतात, त्याची हकिगत माहीत आहे. डायसल्फिराम हे ते औषध. कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोन संशोधक ते जंतांवर चालतं का हे तपासत होते. गोळ्या त्यांनी स्वतःच घेऊन पाहिल्या आणि नंतर थोडी दारू पोटात जाताच त्यांची तब्येत बिघडली. त्यातून १९४८ साली ते दारू सोडवण्याचं औषध म्हणून पुढे आलं. शरीरात दारूचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं आणि पुढे त्याचा निचरा होतो; हे औषध तो निचराच अडवतं. मग चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो, क्वचित जीवही जातो. म्हणून ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. ‘मी गोळी घेतली आहे, आज पिता येणार नाही’ ही त्याची स्वतःची जाणीव हेच त्या औषधाचं बळ. न सांगता दिलं की ते बळ जातं आणि धोका तेवढा उरतो. पुढे कधी मुलाला कळलंच, तर आईच्या हातच्या चहावरचाही भरवसा उडतो.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असं आपण म्हणतो. व्यसनाच्या बाबतीत ही म्हण घरोघर शब्दशः पाळली जाते. पानटपरीवरची, मित्रांची, कधी खासगी सावकाराची उधारी बाप गुपचूप फेडतो आणि भावाला सांगतो, औंदा सोयाबीनला भावच नाही. कॉलेजातून फोन आला की बहीण म्हणते, त्याला बरं नाही. व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं की गावात सांगायचं, पोरगं पुण्याला कंपनीत लागलंय. यातलं एकही माणूस वाईट नाही. भावकी काय म्हणेल, धाकटीची सोयरीक मोडेल का, ही भीती खोटी नाही. मराठवाड्यात ती किती खरी आहे हे इथं वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. मुलगी व्यसनात सापडली असेल तर मूठ दुप्पट आवळली जाते. पण परिणाम पाहा. फेडलेली प्रत्येक उधारी पुढच्या उधारीची सोय करते. मुलाला त्याच्या व्यसनाची किंमत कधी मोजावीच लागत नाही. ती बाप मोजतो, आई मोजते.

लपवाछपवीचा सगळ्यात मोठा धोका दवाखान्यात असतो. आपला भाग सीमेवरचा, त्यामुळे पोरगं नेमकं काय घेतंय हे घरालाही धड ठाऊक नसतं. उदगीर-देवणीच्या पलीकडे बिदर, देगलूर-बिलोली-धर्माबादच्या पलीकडे तेलंगण. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२पासून बंदी आहे आणि पुडी मात्र कुठल्याही गावात मिळते. तेलंगणात शिंदीत क्लोरल हायड्रेट आणि अल्प्राझोलामसारखी गुंगीची औषधं मिसळल्याची प्रकरणं वारंवार उघडकीला आली आहेत. शिंदी म्हणून पिणाऱ्याला आपण गोळ्यांच्या आहारी गेलोय हे ठाऊकही नसतं. म्हणून मुलगा नेमकं काय घेतो, किती आणि कधीपासून, हे डॉक्टरांना जसंच्या तसं सांगणं ही घरच्यांची पहिली मदत. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू किंवा गुंगीच्या गोळ्या एकदम तोडल्या तर हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते, भास होतात, भ्रम होतो. दारूच्या बाबतीत हा भ्रम बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होतो आणि तो जिवावर बेततो. ‘चार दिवस खोलीत कोंडला की उतरेल’ हा घरगुती इलाज म्हणूनच भयंकर आहे. साखळीनं बांधून ठेवायला तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरळ मनाई केली आहे, आणि दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक आजार त्या कायद्याच्या कक्षेत येतात. विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नांदेडकरांना दूर नाही, लातूरलाही विलासराव देशमुखांच्या नावाची शासकीय वैद्यकीय संस्था आहे. तिथली पायरी चढायला घर कचरतं ते अंतरामुळे नव्हे. केसपेपरवर नाव लागेल म्हणून.

केंद्र सरकारनं एम्सच्या तज्ज्ञांकडून देशभर व्यसनांची पाहणी करून घेतली, तिचा अहवाल २०१९ साली आला. दारूच्या त्रासामुळे मदतीची गरज असलेली माणसं ५ कोटी ७० लाखांहून अधिक. आणि दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांमागे कसलाही उपचार मिळालेला माणूस एक. उरलेले ३७ बहुतेक घरातच असणार, कुणाच्या तरी मुठीत.

मूठ उघडली की काय होतं, याचं आपल्या भाषेतलं ठळक उदाहरण म्हणजे पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर म्हणजे गर्द तरुणांमध्ये पसरत होती तेव्हा अनिल अवचट यांनी ‘गर्द’ हे लेखन केलं. ते वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याला केंद्र सुरू झालं. ते चालवलं अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी. त्या स्वतः मनोविकारतज्ज्ञ होत्या. १९९७ साली त्या कॅन्सरनं गेल्या, पुढे त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी काम हाती घेतलं. मला या कामातल्या दोन गोष्टी फार मोलाच्या वाटतात. तिथे उपचार घेऊन बरे झालेले अनेक जण पुढे तिथेच कार्यकर्ते म्हणून काम करू लागले, म्हणजे ज्याची लाज वाटायची तोच अनुभव त्यांच्या कामाचं भांडवल झाला. आणि रुग्णांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गट झाला. नवऱ्याच्या व्यसनाबद्दल बाई पहिल्यांदा मोठ्यानं बोलते आणि समोरच्या बायका माना डोलावतात. आपल्याकडे ‘आईनंच लाडावून ठेवला’, ‘बायकोला सांभाळता आला नाही’ हे ऐकून ऐकून ज्यांचे कान किटलेत, त्यांना ती डोलावलेली मानही औषधासारखी असते.

नांदेड-लातूरची कितीतरी घरं मुलाला पुण्याला पोहोचवायला रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं जातात. महिना-दीड महिन्यानं तो परत येतो तेव्हा घराला वाटतं, सुटलो. माझ्या मते कस लागतो तो इथून पुढे. घर आता पहाऱ्यावर बसतं. तोंडाचा वास घ्यायचा, खिसे चाचपायचे, मोबाइल तपासायचा, संडासात जास्त वेळ लागला तर कडी वाजवायची. आणि त्याच घरात वडिलांची ‘कधीमधी’ची बाटली कपाटात असते, काकांची तंबाखूची डबी पाटावर असते.

आणखी एक आपला आवडता उपाय म्हणजे चार शहाणी माणसं बसवणं. मामा, सरपंच, गावातले सर बसतात. मुलाला मधे बसवून सगळे सुनावतात, तो मान खाली घालून शपथ घेतो. अमेरिकेतही नातलगांनी एकत्र येऊन असं तोंडावर सुनावण्याची एक पद्धत फार गाजली होती. १९९९ साली विल्यम मिलर, रॉबर्ट मायर्स आणि स्कॉट टोनिगन यांनी उपचाराला नकार देणाऱ्या दारुड्यांच्या १३० नातलगांना तीन गटांत विभागून पाहिलं. सुनावण्याच्या पद्धतीतून ३० टक्के माणसं उपचाराला आली. नातलगांना अल्-अ‍ॅनॉन या मदतगटाच्या वाटेवर नेलं तेव्हा १३ टक्के. अर्थात त्या गटाचा मूळ हेतूच नातलगांचं स्वतःचं मन सावरणं हा आहे. तिसऱ्या पद्धतीत नातलगांना रोजचं वागणं शिकवलं गेलं आणि ६४ टक्के माणसं उपचाराला आली. काय शिकवलं? तो न पिता घरी आला की त्याच्याशी बोला, सोबत जेवा, आवडीचं काही करा. पिऊन आला की भांडू नका, रडू नका, पंगतही मांडू नका, बाजूला व्हा. पिण्यामुळे झालेलं नुकसान त्याच्या जागी तुम्ही भरून काढू नका. तुमचं स्वतःचं आयुष्य थांबवू नका. मारहाण होत असेल तर आधी स्वतःची सुटका करा. आणि उपचाराची गोष्ट काढायची ती तो शुद्धीत असताना, त्याच्या मनात पश्चात्ताप असताना, डॉक्टरांची वेळ आधीच ठरवून ठेवून. हे सगळं कुठल्याही समंजस आजीला पटेल असं आहे. ते जमत नाही, कारण त्या क्षणी आपल्याला त्याच्या बरं होण्यापेक्षा आपला राग मोकळा करायचा असतो.

पुन्हा पाय घसरला तर? उपचार घेतलेल्यांपैकी साधारण ४० ते ६० टक्के लोक पुन्हा काही ना काही घेतात. रक्तदाब आणि दमा असलेल्यांचा आजार उपचार सोडल्यावर उलटतो, त्याचं प्रमाणही याच आसपास. वडिलांचा बीपी वाढला तर आपण गोळी बदलून घेतो. घराण्याचं नाक कापलं असं कुणी म्हणत नाही. घसरल्याची गोष्ट मुलाला त्याच रात्री घरी सांगता आली पाहिजे. सांगितलं की घर पेटणार असेल तर तो लपवील आणि चार दिवसांचं घसरणं चार महिन्यांचं होईल. गर्दसारख्या नशेत तर लपवणं प्राणावर येतं, कारण मधल्या काळात शरीराची सवय गेलेली असते आणि जुनंच माप आता जीव घेऊ शकतं.

आपल्या परंपरेत एक गोष्ट उघड्या मुठीची आहे, ती म्हणजे वारकऱ्याची माळ. तुळशीची माळ गळ्यात पडली की दारू आणि मटण सुटलं, हे गावाला न बोलता कळतं. हळदीत, कंदुरीत कुणी आग्रह करत नाही. एकादशीला भजन, आषाढीला दिंडी, म्हणजे संध्याकाळ भरून निघते आणि सोबत बदलते. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी दोन दारुड्यांनी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सुरू केलं, त्यातही गाभा हाच, सोबत आणि कबुली. माळेची अडचण एकच. ती मोडली की माणूस लाजेनं मंडळाकडे फिरकत नाही. ‘ये, पुन्हा घाल’ असं म्हणणारा बुवा ज्या गावात आहे, त्या गावानं त्याला जपावं.

मूठ उघडायची म्हणजे गावभर डांगोरा पिटायचा नाही. मुलाची गोष्ट चारचौघांत सांगायची की नाही, हे तोच ठरवील. पण डॉक्टर, घरातली जाणती माणसं, आणि ज्या घराशी सोयरीक करायची ते घर, इथे लपवणं मला माफ करण्याजोगं वाटत नाही. ‘लग्न करून टाका, जबाबदारी आली की सुधरेल’ हा सल्ला देणाऱ्यांनी एकदा तरी स्वतःची मुलगी अशा घरात द्यायची कल्पना करावी. परक्याची लेक हे औषध नव्हे. मुलगा किमान वर्षभर सावरलेला असावा, मुलीला सगळं आधी सांगितलेलं असावं आणि नाही म्हणायची तिला मोकळीक असावी. याहून कमी काही चालणार नाही.

या दिवाळीला उपचार घेऊन परतलेला मुलगा तुमच्या घरी येणार असेल, तर तो यायच्या आधी कपाटातली बाटली काढून टाका. कुठे होता असं पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगायचं, ते त्याच्याशी बोलून ठरवा. मग त्याला पिशवी आणि मोजून पैसे द्या आणि फराळाचा किराणा आणायला पाठवा. थोडीच रक्कम द्या, हिशेब विचारा, आणि तो बरोबर निघाला तर तसं त्याला बोलून दाखवा. आणि मुलगा अजून उपचाराला तयारच नसेल, तर तुम्ही एकटे १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी क्रमांक लावा. घरच्या माणसानं लावला तरी चालतो.